वाचकांचे प्रश्न : माळ्यावरचा स्पेक्ट्रम

या वेळी निवडलेली तिन्ही पत्रे एकाच यंत्राविषयी आहेत. सिंक्लेअर रिसर्च या केंब्रिजमधील कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी बाजारात आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक मुंबईतील अनेक घरांत नातेवाइकांच्या सामानातून आला आणि काही घरांत अजूनही आहे, असे या पत्रांवरून दिसते.

प्रश्न : आमच्या चाळीचा पुनर्विकास सुरू होत असून लवकरच आम्हाला भाड्याच्या लहान घरात जावे लागणार आहे. माळा रिकामा करताना मामांनी १९८४ साली इंग्लंडहून आणलेला ४८ के (किलोबाइट) मेमरीचा, रबरी बटणांचा स्पेक्ट्रम, त्याचा अडॅप्टर आणि कॅसेटींचा डबा हाती लागला. शाळेत असताना मी ग्राफ पेपरवर देवनागरी अक्षरे आखून ती या यंत्राच्या पडद्यावर उमटवली होती. पत्नी म्हणते, भंगारवाल्याला देऊन टाका. मुलाने मोबाइलवर हुबेहूब स्पेक्ट्रम चालवून दाखवला आणि विचारले, ‘बाबा, आता त्या डब्याची गरज काय?’ मला उत्तर सुचले नाही, पण तो टाकवतही नाही. हा नुसता हळवेपणा आहे का? आणि इतक्या वर्षांनी तो सुरू करून पाहावा का?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, गिरगाव

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे. कृपया तो अडॅप्टर लावून ‘चालतो का पाहू’ असे करू नका. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि त्याच्या पिनमध्ये आतला भाग ऋण व बाहेरचा धन असतो, म्हणजे आज घरोघरी असलेल्या बहुतेक अडॅप्टरच्या नेमका उलट. त्यामुळे घरातला दुसरा एखादा अडॅप्टर बसतो म्हणून लावणे हा यंत्र कायमचे बंद पाडण्याचा खात्रीचा मार्ग आहे. जुना अडॅप्टर मूळचा असला, तरी त्याच्या वायरीचे आवरण आणि आतला कपॅसिटर यांवर आता विश्वास ठेवू नये. योग्य ध्रुवतेचा नवा, नियंत्रित ९ व्होल्टचा आणि दोन अँपिअरपर्यंत प्रवाह देऊ शकणारा अडॅप्टर घ्यावा. तोही लगेच जोडायचा नाही. यंत्राच्या आत ७८०५ हा रेग्युलेटर ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करतो, तर एक लहान कॉइल आणि तिच्या जोडीचा ट्रान्झिस्टर यांच्यापासून १२ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्ट मिळतात. सुरुवातीच्या १६ के मेमरीच्या ४११६ क्रमांकाच्या आठ चिपांना हे तिन्ही दाब लागतात. उणे ५ नाहीसे झाले आणि १२ येत राहिले, तर त्या चिपा जळतात. म्हणून खोलून पाहणाऱ्याने आधी जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलावेत, नंतर मीटर लावून हे तीन दाब मोजावेत आणि त्यानंतरच पडद्याकडे पाहावे. तळाशी १९८२ सालाची सिंक्लेअर रिसर्चची ओळ उमटली, तर निदान सुरुवातीची १६ के मेमरी शाबूत आहे असे समजावे.

हे काम लॅमिंग्टन रोडवर होऊ शकते, पण मोबाइल दुरुस्तीच्या पहिल्या दिसेल त्या दुकानात यंत्र देऊ नका. जुने टीव्ही, अँप्लिफायर यांचे बोर्ड हाताळणारा, वयाने थोडा मोठा कारागीर शोधा आणि वरील तीन आकडे कागदावर लिहून त्याच्या हाती द्या. काही बटणे उमटणार नाहीत, याची तयारी ठेवा. चाळीस बटणांखाली प्लास्टिकचा एक पातळ पडदा असतो, त्याच्या पट्ट्या इतक्या वर्षांत वाळून कडक होतात आणि सॉकेटमधून काढताना तुटतात. तो जोडत बसण्यात अर्थ नाही. नवे पडदे आजही तयार होतात आणि परदेशातून मागवता येतात. चित्राची अडचणही येईल, कारण स्पेक्ट्रम टीव्हीला यूएचएफच्या ३६व्या वाहिनीवर चित्र पाठवतो आणि आजचे टीव्ही ते नीट पकडतीलच असे नाही. चित्र वाहिनीवर चढवणारा मॉड्युलेटर हा भाग वगळून कंपोझिट चित्र थेट बाहेर काढण्याची दुरुस्ती लहान आहे आणि पुन्हा पूर्ववत करता येते. ती केली की टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटमध्ये वायर घालता येते. काढलेला प्रत्येक सुटा भाग पाकिटात घालून, नाव लिहून ठेवण्यास कारागिराला सांगा.

आता हळवेपणाविषयी. आपल्या पत्रातील देवनागरी अक्षरांचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. स्पेक्ट्रममध्ये वापरणाऱ्याने स्वतः आखायच्या अक्षरांसाठी २१ जागा होत्या. प्रत्येक अक्षर आठ ओळी आणि आठ स्तंभांचे, म्हणजे आठ बाइटांचे. सगळी मिळून १६८ बाइट. ४८ केच्या यंत्रात ती मेमरीच्या अगदी शेवटी, ६५३६८ या पत्त्यापासून सुरू होत. इंग्रजी वर्णमालेच्या हिशेबाने केलेली ही सोय मराठीला कशी पुरणार? आठ ओळींतली एक शिरोरेषेत गेली, वरची वेलांटी आणि खालचा उकार यांनाही जागा हवी, आणि वर्णमाला २१ खान्यांत मावत नाही. एका अक्षरावर दुसरे चढवण्यासाठी ‘ओव्हर १’ ही आज्ञा होती. पण तिच्यात ठिपक्यावर ठिपका आला की तो पुसला जाई, त्यामुळे मात्रा चढवताना शिरोरेषा तुटत असे. ज्यांनी मार्गदर्शिका शेवटपर्यंत वाचली, त्यांना २३६७५ आणि २३६७६ हे पत्ते सापडले असतील : त्या २१ खान्यांची सुरुवात कुठे आहे, हे तिथे लिहिलेले असते आणि तो आकडा बदलला की आणखी २१ अक्षरे मिळतात. शाळकरी वयात आपण हे सगळे कोणत्याही शिकवणीशिवाय केले असणार. एका मुलाने एका यंत्राचा तळ गाठला होता, असेच मी याला म्हणेन.

तळ गाठता येणे हे त्या यंत्राचे वैशिष्ट्य होते. रॉम, म्हणजे यंत्रात कायमची भरलेली आज्ञावली, १६ के. साडेतीन मेगाहर्ट्झवर चालणारा झेड-८० प्रोसेसर. पडद्यासाठी ६९१२ बाइट, त्यांतील ६१४४ ठिपक्यांचे आणि ७६८ रंगांचे. १६३८४ या पत्त्यावर २५५ हा आकडा टाकला की पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात आठ ठिपक्यांची बारीक रेघ उमटे. आपण आकडा टाकला आणि रेघ उमटली, मध्ये कोणीही नाही. यंत्राच्या उणिवाही अशाच समजण्याजोग्या होत्या. आठ बाय आठच्या प्रत्येक चौकोनात दोनच रंग चालत, म्हणून खेळातला माणूस झाडामागून गेला की झाडाचा रंग त्याला लागे. हे ढिसाळपणामुळे होत नव्हते. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग द्यायचा, तर २४,५७६ बाइट लागले असते आणि ४८ केपैकी निम्मी मेमरी पडद्यानेच खाल्ली असती. रिचर्ड अल्टवासर यांनी आखलेल्या त्या सर्किटमधली काटकसर वापरणाऱ्यालाही कळे, आणि कळल्यावर तिचा राग येत नसे. आज आपल्या खिशातला मोबाइल कितीतरी पटींनी समर्थ असला, तरी त्याच्या आत काय चालते, हे त्याच्या अभियंत्यांपैकीही कोणा एकाला पूर्ण माहीत नसते. त्यामुळे चाळीस वर्षांनंतर आपला जीव त्या डब्यात अडकला असेल, तर त्याला मी गतकाळाची हुरहुर म्हणणार नाही. आयुष्यात एखादी वस्तू संपूर्ण समजल्याचा अनुभव फार थोड्यांना मिळतो.

चिरंजीवांची बाजूही योग्य आहे. चांगला एम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम, मूळ यंत्राशी प्रामाणिक असतो, आपले जुने प्रोग्रॅम त्यावर चालतील, आणि रोजच्या वापरासाठी तोच ठेवा असे मीही सांगेन. तो देऊ शकत नाही ती गोष्ट बोटांशी संबंधित आहे. स्पेक्ट्रमवर आज्ञा अक्षरे जोडून लिहायच्या नसत. ‘जे’चे बटण दाबले की ‘लोड’, ‘पी’चे दाबले की ‘प्रिंट’, आणि ही जागा मेंदूपेक्षा बोटांनाच अधिक ठाऊक असे. यंत्र दुरुस्त झाले, तर मुलाला शेजारी बसवून देवनागरीचा तो प्रोग्रॅम नव्याने लिहून दाखवावा. वादापेक्षा ते बरे. दुरुस्त झाले नाही, तरी एका शर्टाच्या खोक्याएवढी जागा ते मागते, आणि पत्नीलाही तेवढी सवलत देणे जड जाऊ नये. एवढेच पाहावे की नव्या घरात ते पुन्हा माळ्यावर जाणार नाही. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत घट्ट बांधलेली प्लास्टिकची पिशवी ओल आतच कोंडते. कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घालून, कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवणे चांगले.

प्रश्न : माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या कपाटात स्पेक्ट्रमच्या काही कॅसेटी सापडल्या. त्यांवर त्यांच्या अक्षरात ‘भिशी’, ‘पंचांग’, ‘घरखर्च’ असे लिहिले आहे. यंत्र आम्ही फार पूर्वीच देऊन टाकले. त्या कॅसेटींतले काही परत मिळू शकेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : मिळण्याची शक्यता चांगली आहे, आणि त्यासाठी स्पेक्ट्रम लागत नाही. माहिती कॅसेटवर ध्वनीच्या रूपात आहे. आधी एक सलग सूर, मग खरखरीसारखा आवाज. त्या खरखरीतल्या लांब स्पंदनांचा अर्थ एक आणि आखूड स्पंदनांचा अर्थ शून्य. प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी छोटासा मथळा असतो आणि त्यात दहा अक्षरांपर्यंतचे नाव असते, म्हणून वडिलांनी दिलेली नावे आपल्याला पडद्यावरही दिसतील.

घाई मात्र नको. कॅसेटीच्या खिडकीतून फितीच्या कडांवर पांढरट बुरशी दिसत असेल, तर ती प्लेअरमध्ये घालू नका, कारण बुरशी हेडवर जाईल आणि तिथून पुढच्या कॅसेटीवर. फितीला हेडवर दाबून धरणारी लहानशी गादी गळून पडली असेल, तर फीत स्क्रूच्या दुसऱ्या कवचात हलवावी लागते. हे काम जुन्या टेपरेकॉर्डरच्या कारागिराला सहज येते. स्वच्छ कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, मग चांगल्या डेकवर डॉल्बी बंद ठेवून वाजवा आणि लाइन-इनमधून संगणकात ध्वनिमुद्रित करा. एमपी३ वापरू नका; न दाबलेली वेव्ह फाइल हवी. आवाज दबका वाटला, तर हेडशेजारचा लहान स्क्रू किंचित फिरवून तो जास्तीत जास्त कडक ऐकू येईल तिथे थांबा. वडिलांच्या टेपरेकॉर्डरचे हेड ज्या कोनात होते, तो कोन आपण या स्क्रूने शोधत असतो.

ही ध्वनिफाइल एम्युलेटरला वाचता येणाऱ्या टॅप किंवा टीझेडएक्स स्वरूपात बदलणारी साधने मोफत मिळतात. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो, त्यामुळे वाचन बरोबर झाले की नाही, हे लगेच कळते. चुकले तर तीच बाजू पुन्हा, निराळ्या पातळीवर मुद्रित करावी. मूळ वेव्ह फाइल पुसू नका, कारण उद्या अधिक चांगले साधन आले, तर तिचाच उपयोग होईल.

प्रोग्रॅम उघडला की तो चालवण्याआधी एम्युलेटरमध्ये ‘के’चे बटण दाबून ‘लिस्ट’ घ्या आणि सगळ्या ओळी वाचा. ‘रेम’ने सुरू होणाऱ्या ओळी यंत्र वगळते, त्या लिहिणाऱ्याने माणसांसाठी लिहिलेल्या असतात. भिशीच्या प्रोग्रॅममध्ये बहुधा सभासदांची नावे डेटाच्या ओळींत सापडतील. त्यातील कोणी आजही संपर्कात असेल, तर त्यांनाही ती यादी पाहायला आवडेल.

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे. काकांच्या पिढीतील लोकांचे ऐकून मलाही स्पेक्ट्रम घ्यावासा वाटतो. जुना घ्यावा की नवीन?
– एक विद्यार्थिनी, चेंबूर

उत्तर : आधी काहीच घेऊ नका. मोफत एम्युलेटरवर सुरुवात करा आणि बेसिक ही सोपी आज्ञाभाषा ओलांडून झेड-८०च्या यांत्रिक भाषेपर्यंत पोहोचा. रॉममधल्या १६,३८४ बाइटांचा अर्थ ओळीने सांगणारी टिपणे उपलब्ध आहेत. ती एक सुट्टीभर वाचलीत, तर अभ्यासक्रमातील मायक्रोप्रोसेसरचा विषय सोपा वाटेल. काकांचे प्रेम आपल्याला उसने घेता येणार नाही, पण त्यांना जे कळले होते ते आपल्यालाही कळेल.

त्यानंतरही हात शिवशिवत असतील, तर २०२४च्या अखेरीस आलेला ‘द स्पेक्ट्रम’ हा रबरी बटणांचा नवा अवतार आहे. दिसतो हुबेहूब, एचडीएमआयने टीव्हीला जोडला जातो, पण आत एम्युलेटरच आहे. सोल्डरिंगची आवड असेल, तर क्रिस स्मिथ यांनी मूळ यंत्रातील यूएलए, म्हणजे चित्र, ध्वनी आणि बटणे सांभाळणाऱ्या, चिपचा उलगडा केल्यानंतर साध्या, आजही मिळणाऱ्या चिपा वापरून तयार झालेल्या हार्लेक्विन या स्पेक्ट्रमच्या प्रतिकृती बोर्डचा विचार करा. शिकण्याच्या दृष्टीने माझे मत त्यालाच आहे. झायलॉग या मूळ कंपनीने सुटा झेड-८० बनवणे २०२४मध्ये थांबवले असले, तरी बाजारात त्याचा साठा भरपूर आहे.

मूळ यंत्रच हवे असेल, तर चोरबाजारात नशीब आजमावण्यापेक्षा एखाद्या जुन्या मालकाकडून, समोर चालवून दाखवलेले घ्या. ‘तपासलेले नाही’ असे लिहून विकले जाणारे यंत्र बहुधा बंद असते आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असते. देऊ करायची किंमत त्या हिशेबाने ठरवावी.