आधी ती नोटीस घे

प्रिय पोरा,

घरमालकाची गाडी गल्लीत वळली की तू लाइट घालवून आत बसतोस आणि पोस्टमन आला की शेजारणीला 'गावाला गेलाय' म्हणून सांगायला लावतोस, हे तू हसत हसत सांगितलंस. मला काही हसू आलं नाही. भाडं थकतं रे. कुपवाडच्या कारखान्यात पगार दोन-दोन महिने लोंबकळायला लागला की कुणाचंही थकेल. त्याबद्दल मी तुला बोलणार नाही. पण मालकाच्या वकिलाची नोटीस परत पाठवतोस म्हणजे काय? नोटीस घ्यायची असते.

मी बेलीफ, म्हणजे कोर्टाचे कागद बजावणारा माणूस होतो, हे तुला माहीत आहे. समन्स, जप्ती, घर रिकामं करून घेण्याचं ताबा वॉरंट, नोकरीभर हेच केलं. सांगली-मिरजेत दारं वाजवली की आत कुकरची शिट्टी व्हायची आणि बाहेर एखादं पोरगं येऊन सांगायचं, 'पप्पा घरात न्हाईत.' मग कोर्टाच्या परवानगीनं समन्स दाराला डकवायचं, पंचांच्या सह्या घ्यायच्या, झाली बजावणी. टपालानं आलेली नोटीस 'घेण्यास नकार' असा शेरा पडून परत गेली, तरी कायदा ती मिळाली असंच धरतो. दिवस मोजायला सुरुवात झालेली असते आणि आत लपलेल्याला पत्ताच नसतो.

या भानगडीत सगळा खेळ दिवसांचा आहे. तू भाडेकरू ठरलास, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 प्रमाणे थकबाकीसाठी मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि 90 दिवस थांबावं लागतं. त्याआधी त्याला दावाच लावता येत नाही. दावा लागला, तरी समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत सगळी थकबाकी, त्यावर साध्या व्याजानं वर्षाला 15 टक्के आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरलास, आणि पुढचं भाडं निकालापर्यंत नियमित भरत राहिलास, तर थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही. आता सांग, ज्यानं कागद घेतलाच नाही तो 90 दिवस कुठून मोजणार?

तुझा कागद मात्र एकदा काढून बघ. अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स', म्हणजे ठरल्या मुदतीपुरतं राहू देण्याचा करार असेल आणि मुदत संपली असेल, तर वाट वेगळी आहे. तिथे मालक कोर्टाऐवजी या कायद्यानं नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, मुदतीनंतरच्या दिवसांना दुप्पट रक्कम मागू शकतो, आणि समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत तू शपथपत्र घालून बाजू मांडायची परवानगी मागितली नाहीस तर तुझं म्हणणं ऐकूनसुद्धा घेत नाहीत. नुसता नोटरी केलेला, नोंदणी नसलेला कागद असेल तर तेही वकिलाला सांग. करार नोंदवायची जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकलेली आहे.

मिरजेतली एक बाई आठवते. समन्स घेतलं, घडी घालून पदरात धरलं आणि म्हणाली, 'साहेब, आता मी काय करू?' मी म्हणालो, 'वकिलाला विचारा.' पुढे वर्षा-दीड वर्षानं ताबा वॉरंट घेऊन त्याच दारात उभा राहिलो. तिनं पैसे जमवून ठेवले होते, रुमालात बांधून पुढे केले. पण ती कोर्टात एकदाही गेली नव्हती, तिचं न ऐकताच कोर्टाचा निकाल, म्हणजे हुकूमनामा, एकतर्फी झालेला. पंचनाम्यात मी लिहिलं : शिलाई मशीन एक, पितळी डबे चार, लोखंडी कॉट एक. मशीनवर कुणाचं तरी ब्लाऊज अर्धं शिवलेलं होतं. ते सामानात धरायचं का, यावर पंचांची चर्चा झाली.

आमची सूनबाई म्हणते, 'तुम्ही आयुष्यभर लोकांना बाहेर काढलंत आणि आता शहाणपण सांगता.' काढलं. हुकूम कोर्टाचा होता. बेलिफानं पक्षकाराला सल्ला द्यायचा नसतो. दिला असता तर दुसऱ्या पक्षानं दुसऱ्या दिवशी माझ्यावर अर्ज ठोकला असता, आणि माझ्याही घरात खाणारी तोंडं होती. तरी ती बाई मनातून जात नाही, हे खरं. आता पेन्शनीत आहे, मला कोण अडवतंय? म्हणून तुला ओरडून सांगतो : कागद घे. सही कर, खाली तारीख घाल, लिफाफासुद्धा जपून ठेव.

मग विजयनगरला जिल्हा न्यायालयात जा. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, बाकीच्यांना वर्षाला 3 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. तू फौंड्रीत राबतोस, कामगार म्हणूनच अर्ज कर. जायच्या आधी विचारायचं असेल तर 15100 ला फोन लाव. फुकटचा वकील काय कामाचा, असं तुझा मित्र म्हणतो म्हणे. त्या मित्राला सांग, तू दे फी.

दावा लागायच्या आधीच तडजोड करायची असेल, तर तिथेच दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज देता येतो. लोकअदालतीपुढे बसून हप्ते ठरतात. पण झेपेल तोच हप्ता कबूल कर. तो निवाडा म्हणजे कोर्टाचा हुकूमनामाच, त्यावर अपील नाही. भिडेखातर मोठा आकडा कबूल करून दुसऱ्याच महिन्यात बुडवणारे मी पुष्कळ पाहिलेत. मग माझ्यासारखा कोणीतरी दारात येतो.

मालकाला तू स्वतः जाऊन भेट. त्याचाही बँकेचा हप्ता असेल. हातात दोन हजार असतील तर दोन हजार दे, पण रोख देऊन मोकळा होऊ नको. फोनवरून पाठव आणि कुठल्या महिन्याचं भाडं ते तिथेच लिही. रोखच मागितले तर पावती घे. पावती देणं त्याला बंधनकारक आहे. आणि तिचा फोटो काढून ठेव. 2019 च्या महापुरात सांगलीच्या गावभागात लोकांचे ट्रंकेतले कागद लगद्यासारखे झाले होते.

तो कुलूप लावीन, पाणी तोडीन म्हणतो ना? थकबाकी असली तरी ते त्याच्या हातात नाही. पाणी-वीज तोडली तर कोर्टाकडून पुन्हा चालू करून घेता येते. कोर्टाच्या हुकमाशिवाय बाहेर काढलं, तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा करता येतो. मात्र तू आपणहून रात्रीत टेम्पो बोलावून सामान हलवलंस आणि किल्ली टाकून गेलास, तर यातलं काहीच उरत नाही. डिपॉझिटही बुडालं समज.

पगाराचं रडगाणं मला सांगून काय उपयोग? तुमच्यासारख्या लहान कारखान्यात पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा. सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी तक्रार दे, चौघांनी मिळून दिलीत तर उत्तम. त्या अर्जाची पोचसुद्धा तुझ्या वकिलाला उपयोगी पडेल. शेकडा दहानं पैसे देणाऱ्याकडे जायचं नाही. भिशीचा नंबर लवकर मागून बघ, नाहीतर पतसंस्थेत जामीनदार घेऊन जा. एक जामीनदार मी होतो, दुसरा तुझ्या मामाला विचार.

ती नोटीस अजून परत गेली नसेल तर पोस्टात असेल. उद्या पहिल्या पाळीला जाऊ नको, आधार कार्ड घेऊन पोस्टात जा आणि सोडवून आण. परत गेली असेल तर मालकाच्या वकिलाकडून तिची प्रत मागून घे. दुपारी चारपर्यंत मी घरीच आहे.

तुझा,
काका