पंधरा वर्षांची मुदत आणि पिंजऱ्यातला साक्षीदार

(या वेळची सर्व पत्रे ‘फिनिक्स राइट : एस अ‍ॅटर्नी’ या रहस्यकथात्मक गेमच्या चौथ्या प्रकरणाविषयी, म्हणजे ‘टर्नअबाउट गुडबाइज’विषयी आहेत. उत्तरांमध्ये खुन्याचे नाव आणि शेवट उघड केलेला आहे. ज्यांचे हे प्रकरण खेळून व्हायचे आहे, त्यांनी हे पान तूर्त बाजूला ठेवावे.)

प्रश्न : चौथे प्रकरण नुकतेच संपवले. शेवटी डोळ्यांत पाणी आले, हे कबूल करते. मात्र माझ्या वकील आत्याला कथा सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “खुनाला कसली आली आहे मुदत? खुनाचा खटला पन्नास वर्षांनीही उभा राहतो.” पंधरा वर्षे उलटली की खुनी सुटला, हा नियम केवळ उत्कंठा वाढवण्यासाठी रचला आहे काय? — सु. ग., सातारा

उत्तर : आपल्या आत्याबाईंचे म्हणणे आपल्याकडच्या कायद्याला धरून आहे. भारतात फौजदारी गुन्ह्याची दखल घेण्यावर मुदतीचे बंधन आहे, पण ते तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतेच आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये असलेली ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. खून त्या मर्यादेत येतच नाही. परंतु हा गेम जपानी आहे. शू ताकुमी यांनी तो लिहिला आणि कॅपकॉम कंपनीने २००१ साली ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’साठी जपानमध्ये आणला. त्या वेळी जपानमध्ये खुनाच्या खटल्यासाठी खरोखरच पंधरा वर्षांची मुदत होती. ती रचलेली नाही, कायद्याच्या पुस्तकातून उचललेली आहे.

पुढची गोष्ट अधिक गमतीची आहे. कथेतील मूळ खून, म्हणजे ‘डीएल-६’ प्रकरण, २८ डिसेंबर २००१ रोजी घडतो आणि त्याची मुदत २८ डिसेंबर २०१६ रोजी संपते. प्रत्यक्षात जपानने २००४ च्या दुरुस्तीने ही मुदत पंचवीस वर्षे केली आणि एप्रिल २०१० मध्ये खुनासारख्या गुन्ह्यांसाठी ती काढूनच टाकली. तोवर ज्यांची मुदत संपलेली नव्हती, अशा जुन्या गुन्ह्यांनाही हा बदल लागू झाला. म्हणजे या प्रकरणातील खरा खुनी, मॅनफ्रेड फॉन कार्मा हा सरकारी वकील, खरोखरीच्या जपानमध्ये असता, तर त्याचा पंधरा वर्षांचा हिशेब २०१० सालीच मोडीत निघाला असता. इंग्रजी आवृत्तीने तर कथा लॉस एंजेलिसला नेऊन ठेवली आहे आणि कॅलिफोर्नियात खुनाला मुदत नाहीच. तेथे आपल्या आत्याबाईंची हरकत न्यायाधीशांना मान्य करावी लागली असती.

तरीही ही मुदत केवळ उत्कंठेसाठी वापरली आहे, असे मला वाटत नाही. नाताळच्या आदल्या रात्री तळ्यावर ‘डीएल-६’ खटल्यात आरोपीचा बचाव केलेल्या रॉबर्ट हॅमंड या वकिलाचा खून होतो आणि नावेत पिस्तूल हाती घेतलेला सरकारी वकील माइल्स एजवर्थ पकडला जातो. हॅमंडवर राग धरणाऱ्या माणसाने पंधरा वर्षे थांबून नेमका हाच आठवडा का निवडावा, हा प्रश्न खेळणाऱ्याच्या मनात पहिल्याच दिवशी यायला हवा. त्याचे उत्तर मुदतीत आहे. ‘डीएल-६’चा आळ ज्याच्यावर आला होता, त्या यानी योगीला सूड उगवण्याची ही शेवटची संधी आहे, असे फॉन कार्माने पत्रातून पटवलेले असते, आणि फॉन कार्माला स्वतःला मुदत संपण्यापूर्वी माइल्सला गुन्हेगार ठरवून त्याच्या बापावरचा राग पुरा करायचा असतो. मुदत काढून टाकली, तर या प्रकरणात खुनाला कारणच उरत नाही.

प्रश्न : इतक्या गंभीर खटल्यात पोपटाची उलटतपासणी घेतली जाते, तेव्हा मी गेम बंदच करणार होतो. लेखकाला पुरावा सुचला नाही, म्हणून विनोदावर वेळ मारून नेली, असे वाटले. — रा. का., डोंबिवली

उत्तर : बंद केला नाहीत, हे उत्तम झाले. पोपट हा कोणत्याही न्यायालयात साक्षीदार होऊ शकत नाही, हे उघड आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली महाराष्ट्रातील एका खटल्यात, पोलिसांच्या कुत्र्याने काढलेल्या मागाविषयी विचार करताना, कुत्र्याला शपथ देता येत नाही आणि पिंजऱ्यात उभे करून त्याची उलटतपासणी घेता येत नाही, या आक्षेपांची दखल घेतली होती. पॉली या पोपटाच्या बाबतीत पिंजऱ्याची तरी अडचण नव्हती.

परंतु पोपट काय सांगतो, याकडे नीट पाहावे. तळ्याकाठच्या झोपडीत राहणारा म्हातारा रखवालदार, म्हणजेच योगी, आपल्याला काहीच आठवत नसल्याचे सोंग घेतो आणि त्याच्या बोटांचे ठसेही पुसले गेलेले आहेत. स्वतःविषयीचा प्रत्येक पुरावा त्याने नष्ट केला आहे. फक्त रोज ज्याच्याशी बोलतो, त्या पक्ष्याचे तोंड त्याला बंद करता आलेले नाही. तिजोरीचा क्रमांक विचारला की पॉली ‘१२२८’ म्हणते. तो बाराव्या महिन्याचा अठ्ठाविसावा दिवस आहे. त्या दिवशी भूकंपामुळे बंद पडलेल्या लिफ्टमध्ये बेलिफ योगी, बचावाचे वकील ग्रेगरी एजवर्थ आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा माइल्स पाच तास अडकले, हवा विरळ होत गेली आणि दार उघडले तेव्हा ग्रेगरी मरून पडले होते. आणि ‘पॉली’ हे नाव योगीच्या वाग्दत्त वधूचे होते. योगीवर आळ आल्यानंतर तिने आत्महत्या केली.

मला या प्रसंगातील सर्वांत चोख भाग वेगळाच वाटतो. एजवर्थचा वकील फिनिक्स पोपटाला नेहमीचा प्रश्न विचारतो आणि पोपट काही बोलत नाही, कारण फॉन कार्माने रातोरात त्याला पढवून ठेवलेले असते. लपवण्यासारखे काही नसलेल्या सरकारी वकिलाला एका पोपटाला पढवण्याची गरज का पडावी? लेखक हा प्रश्न कोणाच्याही तोंडी घालत नाही, तो खेळणाऱ्यावर सोडून देतो. आपण हसत असतो, त्या वेळी खरा खुनी पहिल्यांदा घाबरलेला असतो. याला वेळ मारून नेणे म्हणता येणार नाही.

प्रश्न : एजवर्थ निर्दोष ठरल्यावर स्वतःच उठून “डीएल-६चा खुनी मी आहे” असे म्हणतो, तेथे मी थक्क झाले. पण फॉन कार्माच्या खांद्यात पंधरा वर्षे गोळी राहिली, हा शेवट पचला नाही. आपले मत काय? — मे. जो., इंदूर

उत्तर : एजवर्थच्या कबुलीविषयी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. खटला जिंकला, पडद्यावर रंगीत कागदांचा वर्षाव झाला आणि त्यानंतर अशिलानेच “ऑब्जेक्शन” म्हणावे, ही कल्पना धाडसी आहे. लहानपणी बापाला वाचवण्यासाठी फेकलेल्या पिस्तुलातून गोळी सुटली आणि तीच बापाला लागली, असे तो मुलगा पंधरा वर्षे स्वप्नात पाहत आला. त्याच्या कठोर वागण्याचा तोवरच्या प्रकरणांत न लागलेला अर्थ तेथे लागतो.

खांद्यातील गोळीचे म्हणाल, तर शरीरात गोळी राहिलेली माणसे वर्षानुवर्षे जगतात. काढणे अधिक धोक्याचे असेल, तर डॉक्टरही ती तशीच ठेवतात. फॉन कार्मा तर डॉक्टरकडे गेलेलाच नसतो, कारण गेला असता तर कागदोपत्री नोंद झाली असती. शिवाय धागे आधीच पेरलेले आहेत. पिस्तूल दोनदा झाडले गेले, पण सापडली एकच गोळी. लिफ्टच्या दाराच्या काचेला छिद्र होते. आणि कधी रजा न घेणारा हा वकील त्या घटनेनंतर मात्र अनेक महिने रजेवर होता. हे तिन्ही धागे एकत्र ठेवले, तर दुसरी गोळी कोठे गेली, हे धातुशोधक यंत्र हाती येण्यापूर्वीच ताडता येते. मी त्याला न्याय्य रहस्य म्हणेन.

माझी तक्रार दुसरी आहे. धातुशोधक यंत्र खांद्यात धातू असल्याचे सांगते, तो कोणत्या पिस्तुलातून आला, हे सांगत नाही. फॉन कार्मा ही जखम जुनी असल्याचे सांगतो, तेव्हा फिनिक्स त्याची सहायक माया हिने वाचवलेली, ग्रेगरींना लागलेली गोळी पुढे करतो आणि दोन्ही गोळ्यांवरील ओरखडे जुळवून पाहू, असे म्हणतो. ही तुलना प्रत्यक्षात होतच नाही. चाळीस वर्षे एकही खटला न हरलेला माणूस शस्त्रक्रियेसाठी न्यायालयाचा आदेश मागण्याऐवजी किंचाळत भिंतीवर डोके आपटतो. मुदत संपायला काही तास उरले असताना त्याने नुसता वेळ काढला असता, तरी तो सुटला असता. येथे लेखकाने पात्राच्या अहंकारावर भिस्त ठेवली आहे. मला ते पटले, पण निम्मेच.

प्रश्न : यानंतर पाचवे प्रकरण लगेच खेळावे का? — मे. जो., इंदूर

उत्तर : थोडे थांबून खेळावे. मूळ गेम चौथ्या प्रकरणाशीच संपत होता. पाचवे २००५ च्या ‘निन्टेन्डो डीएस’ आवृत्तीसाठी नव्याने लिहिले गेले. त्यात ठसे उमटवण्यासारखी कामे आपल्या हातांनी करावी लागतात आणि ते बरेच लांबलेले आहे. मात्र चौथ्या प्रकरणानंतर एजवर्थविषयी सरकारी कचेरीत काय कुजबुज सुरू झाली, हे त्यातच कळते. त्यामुळे त्याच्यासाठी तरी ते सोडू नये.