वाचकांचे प्रश्न : देवाने क्षमा केली, तरी बहिणीचे देणे उरते का?

प्रश्न : वडील वारल्यानंतर त्यांच्या ठेवीची रक्कम माझ्या हाती आली. तिच्यातला अर्धा वाटा धाकट्या बहिणीचा होता, पण त्या ठेवीविषयी मी तिला काहीच कळू दिले नाही. या गोष्टीला बरीच वर्षे झाली. मी उपासनेला नियमित जातो, उपवास करतो, रोज रात्री देवाजवळ क्षमा मागतो, तरी मनाला शांती नाही. बहीण मला आजही वडिलांच्या ठिकाणी मानते आणि तिच्यासमोर बसले की घास गोड लागत नाही. ख्रिस्ताच्या रक्ताने सर्व पापांची क्षमा होते, असे आपण मानतो. मग ती मला मिळाल्याचे का जाणवत नाही? आणि देवाने क्षमा केलीच असेल, तर आता जुने उकरून काढून घर मोडण्यात काय अर्थ आहे?

उत्तर : तुमचे पत्र येथे संक्षेपाने छापले आहे. मूळ पत्रात प्रार्थना, उपवास आणि रात्रीची तळमळ यांविषयी पानेच्या पाने आहेत, आणि ठेवीचा उल्लेख अगदी शेवटी, एका ओळीत, रकमेचा आकडा न देता आला आहे. हे दाखवण्यात तुम्हाला हिणवण्याचा हेतू नाही, कारण आपल्यापैकी बहुतेकांची पापकबुली याच धाटणीची असते. ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ ही जकातदाराची प्रार्थना येशूने वाखाणली, आणि त्याच्या तोंडी ती सच्चीही होती. परंतु एक ठराविक कृत्य मनाला पक्के ठाऊक असताना ते उच्चारावे लागू नये म्हणून आपण तेच शब्द पुढे करतो, तेव्हा त्या प्रार्थनेचा आडोसा होतो. ‘मी पापी आहे’ असे म्हणताना सगळे जग आपल्या सोबतीला असते. ‘बहिणीचे इतके पैसे मी ठेवून घेतले आणि दरवर्षी गप्प राहिलो’ असे म्हणताना सोबतीला कोणी नसते.

शमुवेलाच्या दोन पुस्तकांत दोन राजे एकच वाक्य उच्चारतात. देवाची आज्ञा मोडलेला शौल संदेष्टा शमुवेल याला म्हणतो, ‘मी पाप केले आहे’. पण त्याआधी तो लोकांवर दोष ढकलून मोकळा झालेला असतो, आणि लगेच पुढे वडीलजनांसमोर आपला मान राखावा अशी विनंतीही करतो. दावीदाची गोष्ट वेगळी घडते. त्याने आपला सैनिक उरीया याच्या पत्नीला, बथशेबेला, आपलीशी करून उरीयाला युद्धात मारवलेले असते. गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची कथा संदेष्टा नाथान त्याला सांगतो, तेव्हा तो संतापून त्या माणसाला मरणास योग्य ठरवतो आणि मेंढीची चौपट भरपाई द्यायला लावतो. दुसऱ्याच्या बाबतीत नियमशास्त्र आपल्याला किती चोख आठवते! ‘तो मनुष्य तूच आहेस’ हे ऐकल्यावर मात्र तो बथशेबेवर, उरीयावर किंवा युद्धाच्या धामधुमीवर काहीही ढकलत नाही. मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे, एवढेच तो म्हणतो, आणि नाथान तत्क्षणी त्याला क्षमेचा निरोप देतो. तुमच्या शेवटच्या वाक्यात घर मोडण्याची जी धास्ती आहे, तिच्यात बहिणीची काळजी किती आणि वडीलजनांसमोरचा मान किती, हे तुम्हीच तपासून पाहावे.

याच प्रसंगाशी जोडलेल्या 51व्या स्तोत्रात दावीद देवाला उद्देशून म्हणतो की, तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केले आहे. या ओळीवर टेकून अनेकांनी माणसांची देणी बुडवली आहेत, असे मला वाटते. उरीया मेला होता. त्याला परत करण्याजोगे दावीदाजवळ काही उरलेच नव्हते. तुमची बहीण जिवंत आहे.

भरपाईविषयी पवित्र शास्त्र संदिग्ध नाही. लेवीय 6 प्रमाणे ज्याने शेजाऱ्याला फसवून काही घेतले असेल, त्याने मूळ वस्तू पूर्ण परत करून तिचा एकपंचमांश वर द्यावयाचा असतो, आणि तो दोषार्पण वाहण्याच्या दिवशीच; एवढेच काय, ज्याचा अपराध केला तो हयात नसेल आणि त्याला जवळचा नातलगही नसेल, तर ते देणे याजकाकडे द्यावे, अशी तरतूद गणना 5 मध्ये आहे. डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतो की, वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. कॅथलिक मंडळीच्या 1992च्या धर्मशिक्षणग्रंथातही धर्मगुरूने दिलेल्या पापमुक्तीने पाप दूर होत असले तरी पापाने केलेली सगळी पडझड भरून निघत नाही असे नमूद करून, चोरलेली वस्तू परत करण्याचे उदाहरण दिले आहे.

मात्र येथे एक घसरण टाळली पाहिजे. रक्कम परत केल्यावर देव क्षमा करील, असा हिशेब तुम्ही मांडलात तर कृपेचा व्यवहार होऊन बसेल. लूक 19 मध्ये घटनांचा क्रम पाहा. उंबराच्या झाडावर बसलेल्या जक्कय या श्रीमंत जकातदाराला येशू आधी म्हणतो की, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. त्याने तोवर एक नाणेही परत केलेले नसते आणि जमलेले लोक कुरकुर करत असतात. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट, हे शब्द त्याच्या तोंडून निघतात ते येशूने त्याला आपले म्हटल्यानंतर. तुमच्या घरीही हाच क्रम असावा. क्षमा विकत मिळावी म्हणून देऊ नका, क्षमा मिळाली आहे म्हणून द्या.

तेव्हा ठेवीची रक्कम, तिच्यावर इतक्या वर्षांत मिळाले असते ते व्याज आणि संबंधित कागद काढून ठेवा. पत्नीला आधी सांगा, कारण हा पैसा संसारातूनच बाहेर जाणार आहे. मग बहिणीला एकटीला भेटून पहिल्याच वाक्यात काय केले ते सांगा. ‘तेव्हा परिस्थितीच तशी होती’ हे वाक्य खरे असले तरी त्या दिवशी बोलू नका. मला क्षमा केलीस ना, असे लगेच विचारू नका; तुमचे गुपित तुमच्याजवळ वर्षानुवर्षे होते, तिला ते त्याच घडीला कळलेले असेल. ती रागावेल, काही काळ बोलणारही नाही. ते सोसणे हाही पश्चात्तापाचाच भाग आहे. काही पापे अशी असतात की ती उघड केल्याने सांगणाऱ्याचे ओझे उतरते आणि ऐकणाऱ्यावर चढते. तेथे अनुभवी पाळकांचा सल्ला घेऊनच पाऊल टाकावे. तुमचे प्रकरण त्यांतले नाही.

राहिला प्रश्न जाणवण्याचा. आपले मन आपल्याला दोषी ठरवत असले तरी देव आपल्या मनाहून थोर आहे, असे योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटले आहे. भावना हा क्षमेचा पुरावा नाही. पण तुमच्या बाबतीत जी अस्वस्थता टिकून आहे, ती देवाने क्षमा नाकारल्याची खूण नसून न फेडलेल्या देण्याची आठवण असावी, आणि तिला प्रार्थनेने गप्प करू पाहणे योग्य नव्हे.

प्रश्न : देवाजवळ थेट कबुली देता येत असताना ती माणसासमोर द्यावी लागते का?

उत्तर : मंडळीनुसार उत्तर बदलते. 1215च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा धर्मगुरूजवळ पापनिवेदन करणे बंधनकारक केले आणि कॅथलिक मंडळीत तो संस्कार आहे. धर्मगुरूने ऐकलेली गोष्ट कोणत्याही कारणासाठी बाहेर काढणे तेथे निषिद्ध आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांनी ही सक्ती काढून टाकली, पण 1530च्या ऑग्सबर्ग विश्वासांगीकाराने, म्हणजे लूथरपंथीयांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्याने, खासगी पापमुक्तीची प्रथा राखली, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसते. एकमेकांजवळ पापे कबूल करा, ही याकोबाची सूचना तर सर्वांसाठीच आहे. माझे मत विचाराल तर, जे पाप वारंवार घडते ते एकदा तरी विश्वासू माणसासमोर मोठ्याने बोलावे. स्वतःशी बोलताना आपण तपशील गाळतो.

प्रश्न : पवित्र आत्म्याविरुद्धच्या पापाला क्षमा नाही, हे वाचल्यापासून ते आपल्या हातून घडले असावे, या भीतीने मी बेजार आहे. पुन्हा पुन्हा कबुली देऊनही समाधान होत नाही.

उत्तर : मार्क 3 मधील ते शब्द, येशूने भुते काढली हे डोळ्यांनी पाहूनही ते सैतानाचे काम ठरवणाऱ्या शास्त्र्यांना उद्देशून आहेत. जाणूनबुजून प्रकाशाला अंधार म्हणणारा आणि त्यावरच अडून बसणारा माणूस क्षमा मागायला येत नाही. तुम्ही तर ती मागता आहात. अशी भीती मोठमोठ्यांनाही छळून गेली आहे. पुढे येशूसंघाचा संस्थापक झालेला इग्नेशियस लोयोला 1522 मध्ये सर्व पापांची लेखी कबुली देऊनही स्पेनमधील मानरेसा येथे संशयांनी पोळत राहिला. अगदी स्पष्ट असेल तेवढेच जुने पाप सांग, अशी त्याच्या धर्मगुरूने आज्ञा केली. पण त्याला सगळेच स्पष्ट वाटत असल्याने तिचा उपयोग झाला नाही. म्हणून काय सांगायचे आणि काय सोडायचे, हे तुम्ही न ठरवता एकाच पाळकांवर सोपवा आणि त्यांनी ‘पुरे’ म्हटले की थांबा. विचारांचे हे चक्र झोप आणि कामही हिरावून घेत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा; त्यात विश्वासाची कमतरता नाही.