डेट्रॉईट नदीचा जुना नकाशा: पलीकडचा काठ कोरा का?

काकांच्या सामानात मिळालेल्या पन्नाशीच्या दशकातल्या नकाशात नदीपलीकडचा भाग कोरा आहे, अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरावर नुसता गुलाबी रंग आहे, तेव्हा छपाई फसली का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. जपून ठेवा तो!

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून हा अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याचा १:२४,००० चा नकाशा आहे, म्हणजे एक इंचाला २,००० फूट. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या 'एक इंचाला एक मैल' नकाशांची सवय असलेल्याला तो फारच ऐसपैस वाटतो. अमेरिका-कॅनडाची सरहद्द नदीच्या पात्रातून जाते. पलीकडचं विंडसर कॅनडात, त्याची मोजणी या खात्याकडे नव्हती, म्हणून तो काठ कोरा. (डाउनटाउनपाशी, म्हणजे शहराच्या मध्यभागापाशी, कॅनडा चक्क दक्षिणेला येतो, त्यामुळे दिशा बघताना घोटाळा होतो.) विंडसरसाठी कॅनडाचा नकाशा वेगळा घ्यावा लागेल. त्याचं प्रमाण वेगळं असल्याने कडेला कडा जुळणार नाही.

गुलाबी म्हणजे दाट वस्ती. तिथे घरं एकेक काढत नाहीत. शाळा, चर्च अशा ठळक इमारतीच दाखवतात. कारखान्यांचं तसं नाही. भिंग घेऊन रूज नदीच्या मुखाशी झुग बेट बघा. कालवा खणून जमिनीपासून तोडलेलं हे बेट, त्यावर लोखंड गाळायच्या भट्ट्या आणि रुळांचं जाळं. तिथून रूज नदीने वर गेलात की, बहुधा शेजारच्या नकाशावर, फोर्डचा रूज हा मोटारींचा कारखाना, आणि खनिजाची जहाजं थेट आत यावीत म्हणून केलेली गोदी.

आता डाउनटाउनच्या पूर्वेला या. इथे ब्लॅक बॉटम ही कृष्णवर्णीयांची वस्ती होती. ती पाडली, आणि तिच्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवरून नंतर महामार्ग गेला. कारखान्याची शेड न् शेड मापात, आणि हजारो माणसांची घरं एका गुलाबी पट्ट्यात. मला ते दर वेळी लागतं.

आजच्या नकाशावर बसवणार असाल तर एक सांभाळा. जुन्या नकाशाच्या मोजणीचा आधार (डेटम) १९२७ चा आहे, त्यामुळे यूटीएमच्या (जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या चौकटींच्या) आकड्यांत उत्तर-दक्षिण सुमारे २०० मीटरचा फरक पडतो. सॉफ्टवेअरमध्ये तोच आधार निवडा, नाहीतर गोदी पाण्याऐवजी रस्त्यावर येईल.

आणि खालच्या समासात हवाई छायाचित्रांचं साल असेल, ते वाचून इथे लिहा. छपाईच्या सालापेक्षा तेच महत्त्वाचं. हेस्टिंग्ज स्ट्रीट तेव्हा उभा होता का, हे त्यावरून सांगता येईल.