बाइकखालची डॉली : आधी फरशी बघा, मग चाकं

प्रश्न : नाशिकला इंदिरानगरात आमचं रो-हाउस आहे. पार्किंगमध्ये कार घेतली की मागच्या भिंतीलगत रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० पुरती जेमतेम जागा उरते. ती लावता-काढताना हँडल मारून मारून खांदे भरून येतात. डॉलीवर, म्हणजे चाकं लावलेल्या बुटक्या लोखंडी सांगाड्यावर, ठेवून गाडी आडवी सरकवावी म्हणतो. डॉली कशी असावी? खाली चेकर्ड टाइल्स आहेत, उतार गेटकडे आहे.

उत्तर : टाइल्सचं आणि उताराचं आवर्जून लिहिलंत हे फार बरं केलं. गाडीच्या वजनाचा विचार सगळेच करतात. डॉली अडते ती फरशीवर.

वजनाचा हिशेब सोपा आहे. पेट्रोलसकट गाडी १९५ किलो आणि डॉली ३५ किलो, म्हणजे २३० झाले. चाकं चार असली तरी भागायचं तीनने, कारण फरशी कुठेही तंतोतंत सपाट नसते आणि एखादं चाक अधांतरी राहतंच. एका चाकावर ७७ किलो येतात, म्हणून प्रत्येकी किमान १०० किलो क्षमतेचं कॅस्टर (सगळ्या दिशांना वळणारं चाक) घ्या.

व्यास मात्र नीट बघून घ्या. स्वस्त डॉल्यांना ५० मिमीची चाकं असतात. टाइलची कड ५ मिमी वर आलेली असेल आणि चाकावर ५८ किलो (२३० चा चौथा हिस्सा) भार असेल, तर त्या कडेवर चढायला ५० मिमीच्या चाकाला सुमारे ४३ किलोचा आडवा जोर लागतो. १०० मिमीच्या चाकाला तो २८ किलोच्या आसपास लागतो. पुढची दोन चाकं एकदम अडली तर दुप्पट. आणि हा जोर माणूस सवयीने हँडलवर लावतो. खाली चाकं अडलेली, वर गाडी ढकललेली, मग ती कलंडायला वेळ लागत नाही. तेव्हा १०० मिमीच्या खाली जाऊ नका. चेकर्ड टाइल्सच्या खाचा रुंद असतील तर १२५ मिमीची चाकं लावा, किंवा चाकं फिरतात तेवढ्या पट्ट्यात गुळगुळीत शहाबादी फरशी बसवून घ्या. सुटं प्लायवूड अंथरू नका, ते चाकाखालून सरकतं. टाइल्सवर आधी नाण्याने टकटक करून बघा. जी बद्द वाजते तिच्याखाली पोकळी असते आणि ती डॉलीच्या भाराने तडकते.

चाकं पीयूची (पॉलियुरेथेन, म्हणजे कडक रबरासारखं प्लास्टिक) घ्या. बिडाच्या चाकांनी टाइल्सचे कोपरे उडतात. नायलॉनची चाकं हलकी पळतात, पण ब्रेक लावूनही गुळगुळीत फरशीवर घसरतात.

आता सांगाडा. १०० मिमीच्या कॅस्टरची एकूण उंची १३० मिमीच्या घरात जाते. डॉलीचा तळ त्याच्या वर बसवला तर गाडी चढवणार कशी? म्हणून कॅस्टर सांगाड्याच्या बाजूला काढलेल्या कानांवर (आडव्या पट्ट्यांवर) वर बसवायची आणि तळ खाली, जमिनीपासून २० मिमीवर, ठेवायचा. टायरसाठी ३ मिमी पत्र्याचा १८०० मिमी लांबीचा यू-चॅनल वाकवून घ्या. आतली रुंदी १५० मिमी, कडा ४० मिमी. गाडीचा व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर) १३९० मिमी असल्याने एवढी लांबी पुरते. डबल स्टँडचे पाय चॅनलच्या बाहेर टेकतात, म्हणून मधल्या भागातल्या कडा कापून तिथे ४०० मिमी रुंद, ४५० मिमी लांब आणि ६ मिमी जाड प्लेट जोडायची. कडा कापल्या की चॅनल नेमका तिथेच कमकुवत होतो आणि डबल स्टँडवरच्या गाडीचं बहुतेक वजनही तिथेच येतं. फॅब्रिकेशनवाला ही गोष्ट हमखास विसरतो आणि महिन्याभरात प्लेट फरशीला घासू लागते. यावर उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना लांबीच्या दिशेने ४० × ४० × ५ मिमीचे अँगल, एकमेकांपासून ४०० मिमीवर. चॅनल आणि अँगल खालून आडव्या पट्ट्यांनी बांधून घ्या. अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतल्या बेंडिंग-वेल्डिंगच्या कुठल्याही छोट्या वर्कशॉपात हे काम होतं. स्टँडच्या पायांमधलं अंतर मात्र स्वतःच्या गाडीवर मोजून न्या.

कॅस्टरची फिरकी (ज्या खुंटीवर ते गोल वळतं ती) अँगलपासून १०० मिमी लांब हवी, नाहीतर चाक फिरताना अँगलला आदळतं. म्हणजे आडव्या दिशेने दोन फिरक्यांमधलं अंतर ६०० मिमी आलं. चाकं आतल्या बाजूला वळली की प्रत्यक्ष टेकू दोन्हीकडून ३५-३५ मिमीने आत सरकतो, त्यामुळे यापेक्षा अरुंद करू नका. सगळं धरून डॉलीची रुंदी ७७५ मिमीच्या आसपास जाते. तुमच्या गाडीचं हँडलच ७८५ मिमी आहे, तेव्हा भिंतीलगत जास्तीची जागा लागणार नाही.

उतार गवंड्यांच्या पाण्याच्या नळीने मोजा. ३ मीटरमध्ये ३० मिमी फरक निघाला तर १०० ला १ उतार. तिथे २३० किलोला खाली ओढणारा जोर २.३ किलोच असतो आणि डॉली सहसा जागेवर राहते. ६० मिमी निघाला तर ४.६ किलो. एवढ्याच जोराला पीयूची चाकं चालू लागतात, आणि कारचं दार लागलं तरी डॉली गेटकडे निघते. अशा उतारावर निव्वळ ब्रेकच्या भरवशावर राहू नका. चारही कानांवर एम-१२ नट वेल्ड करून त्यात तळाला रबरी पाय असलेले लांब बोल्ट बसवा. गाडी जागेवर आली की चाकांवरचा भार सुटेपर्यंत ते खाली पिळा. ब्रेकची चाकं घेणार असाल तर चाक आणि फिरकी दोन्ही अडवणाराच ब्रेक घ्या. नुसतं चाक अडलं तर डॉली फिरकीवर गोल सरकते.

प्रश्न : डॉली बनवून घेतली, पण तिच्यावर डबल स्टँड लावताना जमिनीवर लागतो त्याच्या दुप्पट जोर लागतो. वडिलांना तर जमतच नाही. (पाथर्डी फाटा)

उत्तर : पत्रासोबतच्या फोटोत चॅनल मागच्या टायरच्या अलीकडेच संपलेला दिसतो. स्टँडचे पाय २३ मिमी उंच प्लेटवर आणि मागचं चाक खाली फरशीवर, म्हणजे तुम्ही गाडी दर वेळी २३ मिमी जास्त उचलता. मागच्या चाकाखाली २५ मिमी जाडीची लाकडी फळी ठेवा, जोर लगेच पहिल्यासारखा होईल. स्टँडवर चढताना गाडी १०० मिमी किंवा त्याहून जास्त मागे जाते, त्या हिशेबाने फळी लांब घ्या.

क्रम चुकवू नका. आधी बोल्ट पिळून डॉली घट्ट करायची, मग गाडी वर घ्यायची. इंजिन बंद ठेवून, चालत. डाव्या हाताने हँडल सरळ धरा, उजवा हात मागच्या ग्रॅब रेलवर ठेवा आणि उजव्या पायाने स्टँड दाबा. स्टँडचे दोन्ही पाय प्लेटला टेकलेले जाणवले की मगच त्या पायावर अंगाचा पूर्ण भार द्या. हाताने उचलायला जाऊ नका, पाठ धरते.

प्रश्न : तयार डॉलीचं एक चाक सतत हवेत फिरतं आणि दिशा बदलताना डॉली हिसका मारते. चाक खराब आहे का? (सातपूर)

उत्तर : चाक बहुधा ठीक आहे. सपाट जागी डॉली ठेवून अधांतरी चाकाखालची फट मोजा. २-३ मिमी असेल तर तेवढ्या जाडीचं पत्र्याचं वॉशर त्या कॅस्टरची प्लेट आणि सांगाडा यांच्यामध्ये घाला. त्याहून जास्त असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने सांगाडा पिळला गेलाय, तो सरळ करून घ्यावा लागेल. हिसका बसतो तो चाकं उलटी वळताना. दिशा बदलायची असेल तेव्हा आधी डॉली जरा आडवी हलवा, चारही चाकं वळू द्या, मग ढकला.

प्रश्न : माझ्या गाडीला फक्त साइड स्टँड आहे. पावसाळाभर डॉलीवर ठेवली तर चालेल? (गंगापूर रोड)

उत्तर : चालेल, पण डॉली साइड स्टँडची हवी. डाव्या बाजूला स्टँडच्या पायासाठी प्लेट आणि कॅस्टर त्या पायाच्याही बाहेर. कॅस्टर आत राहिलं तर डॉली डावीकडे उलटू शकते. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, पुढच्या ब्रेकचा लिव्हर पट्ट्याने आवळा. साइड स्टँड मागे मिटतो, म्हणून डॉली गाडीच्या तोंडाच्या दिशेने नेताना एकदम थांबली की गाडी पुढे जाऊन स्टँड सुटू शकतो. शक्यतो मागच्या दिशेने सरकवा, आणि ढकलायचं ते सांगाड्याला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भार बोल्टच्या पायांवर ठेवा. महिनोन्महिने भार घेऊन उभं राहिलेलं पीयूचं चाक एका बाजूने चपटं होतं आणि मग कायम ठकठकतं.

प्रश्न : सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवरून डॉलीसकट गाडी खाली नेता येईल? (सिडको)

उत्तर : नाही. १० ला १ उतारावर २३० किलोची डॉली २३ किलोच्या जोराने ओढत सुटते आणि वळणावर ती कोणालाच आवरत नाही. रॅम्प गाडी चालवतच उतरा. डॉली खाली सपाट जागेवर ठेवा.