‘थ्रू द लुकिंग-ग्लास’च्या पहिल्या आवृत्तीवर लेखकाची भेटओळ आहे. ती खरी आहे हे कसे ओळखायचे?

तुमचा प्रश्न असा आहे: लंडनच्या एका विक्रेत्याकडे लुइस कॅरलच्या या पुस्तकाची 1872 ची प्रत आहे, आत जांभळ्या शाईत ‘फ्रॉम द ऑथर, ख्रिसमस 1871’ असे लिहिले आहे, आणि तारीख छापील सालाच्या आधीची असल्यामुळे तुम्हाला शंका येते आहे.

तारखेमुळे घाबरू नका. पुस्तक डिसेंबर 1871 मध्येच बाजारात आले होते. प्रकाशक मॅकमिलनने शीर्षकपानावर पुढचे साल छापले, एवढेच. कॅरलने त्या नाताळात भेट दिलेल्या प्रतींवर हीच तारीख सापडते. ‘लुइस कॅरल’ अशी सही नाही, हेही वावगे नाही. हे टोपणनाव, माणूस चार्ल्स डॉजसन. भेटप्रतींवर तो बहुधा ‘लेखकाकडून’ एवढेच लिही.

आधी आवृत्ती नक्की करा. शीर्षकपानावर अमुक हजारावी प्रत अशी ओळ असेल तर ते नंतरचे मुद्रण. कॅरल अशा प्रतीही भेट देई, म्हणजे अक्षर खरे आणि आवृत्ती मात्र पहिली नाही, असे होऊ शकते. मग पान 21 उघडा. तिथल्या ‘जॅबरवॉकी’ या कवितेच्या दुसऱ्या ओळीतल्या शेवटच्या शब्दात ‘बी’ अक्षराच्या जागी चुकून ‘डी’ पडला असेल, तर ती सर्वांत आधीच्या प्रतींपैकी एक.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक जण थेट अक्षर तपासायला बसतात. मी म्हणेन, आधी ते पान तपासा. भेटओळ सहसा शीर्षकपानाच्या आधीच्या, नुसते पुस्तकाचे नाव छापलेल्या पानावर असते, आणि नेमके तेच पान दुसऱ्या प्रतीतून आणून चिकटवलेले सापडते. फर्म्यातले (एकत्र घडी घालून शिवलेल्या पानांच्या जुडीतले) प्रत्येक पान शिवणीपलीकडच्या जोडीदार पानाशी अखंड असते. विक्रेत्याकडून पान पूर्ण उघडून कण्याजवळचा फोटो मागवा. तिथे डिंकाची बारीक रेघ दिसली, पान आत दीड-दोन मिलिमीटर सरकलेले असले, किंवा मिटलेल्या पुस्तकाच्या सोनेरी कडेवर त्या एका पानाची रेघ फिकट दिसली, तर थांबा. तपकिरी ठिपके आणि पाण्याचे डाग शेजारच्या पानांवरही त्याच जागी उमटलेले हवेत. चामड्याची नवी बांधणी असेल तर दुप्पट काळजी घ्या. कडा नव्याने छाटल्या की हे सगळे पुरावे नाहीसे होतात.

अतिनील दिव्याखाली (365 नॅनोमीटर) जुना कागद मंद दिसतो. निळसर पांढरा चमकला तर त्यात शुभ्रक (कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ते रसायन) आहे, म्हणजे कागद विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. दिवा काही सेकंदच लावा, कारण जांभळी शाई प्रकाशाने उडते. कॅरल ही शाई साधारण 1870 ते 1890 वापरत होता, त्यामुळे 1866 च्या ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’वर जांभळी भेटओळ दिसली आणि तिच्यावर 1866 हीच तारीख असली, तर संशय घ्या. पण शाईचा रंग हा पुरावा नव्हे. नकली बनवणाऱ्यालाही तो ठाऊक असतो.

अक्षर पडताळताना एक चूक टाळा. ‘अ‍ॅलिस’च्या मूळ हस्तलिखिताची 1886 ची प्रतिकृती सहज मिळते, पण त्यातले अक्षर मुद्दाम छापील वळणाने काढलेले आहे. तुलना त्याच्या पत्रांशी करा, आणि तीही त्याच दशकातल्या. ज्याला भेट दिली ते नाव कॅरलच्या छापलेल्या डायऱ्यांत (दहा खंड) शोधा. नाव आणि तारीख जुळली तर प्रतीचे मोल खरोखर वाढते. इतर लेखकांच्या बाबतीत नुसत्या भेटओळीवर विसंबू नका: त्या काळी ‘लेखकाकडून’ ही ओळ पुष्कळदा प्रकाशकाचा कारकून लिही.

पैसे देण्याआधी बदललेली पाने, दुरुस्त केलेला कणा आणि अक्षराची खात्री हे सगळे लेखी मागा, आणि अक्षर खोटे ठरल्यास मुदतीविना पैसे परत मिळतील, ही अट घाला. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा (आयएलएबी) सदस्य याला सहसा नाही म्हणत नाही.

पुस्तक घरी आल्यावर ओल्या बोळ्याने काहीही पुसू नका, ही शाई पाण्यात लगेच फुटते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात आम्लविरहित खोक्यात ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या पुस्तकाला न टेकवता ठेवा आणि छोटा आर्द्रतामापक 50 टक्क्यांच्या आसपास राहतो का ते बघा. 65 च्या वर गेला की बुरशी धरते, आणि कसर आधी कण्याची खळ खाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र कोंबू नका.