चौथीची मुलं धडा घडाघडा वाचतात पण विचारलं की काहीच सांगता येत नाही, वर्गात नेमकं काय करावं?

आधी एक गंमत करून बघा. हा उतारा वाचा:

"कोटक्या धुंबराने काल झिपळीत दोन भुळके गवटे खुटकले. गवटे खुटकताना त्याचा लांबस मोडला, म्हणून तो रिखत परतला."

आता प्रश्न. धुंबराने किती गवटे खुटकले? कुठे खुटकले? तो रिखत का परतला? उत्तरं दोन, झिपळीत, लांबस मोडला म्हणून. तिन्ही बरोबर, पैकीच्या पैकी मार्क. आता सांगा बरं, धुंबर माणूस आहे की जनावर?

तुमच्या वर्गात रोज हेच चाललंय, आणि फक्त तुमच्याच नाही, बहुतेक सगळ्या शाळांमध्ये चाललंय. मुलं हुशार असतात, प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि त्याच्या पुढचं-मागचं वाक्य उतरवायचं ही ट्रिक त्यांना दुसरीतच जमते. तुम्ही लिहिलंय की तुम्ही शिक्षण सेवक म्हणून नवीन आहात, चौथीचा वर्ग आहे, धडा वाचून घेता, शब्दार्थ देता, प्रश्नोत्तरं लिहून घेता तरी काही फरक नाही. फरक पडणार नाहीच, कारण यात कुठेही समजून घ्यायला शिकवलं गेलेलं नाही, फक्त समजलं का ते विचारलंय. हे आपल्याकडेच आहे असंही नाही, अमेरिकेत डोलोरेस डर्किन नावाच्या बाईंनी १९७०च्या दशकात शाळेत बसून चौथीच्या वाचनाच्या तासांचं निरीक्षण केलं होतं, त्यात प्रत्यक्ष आकलन शिकवण्यात गेलेला वेळ एक टक्कासुद्धा नव्हता, बाकी बराचसा वेळ प्रश्न विचारणं, उत्तरं तपासणं आणि वर्कबुक यातच जायचा.

मी धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, बरीच वर्षं झाली, तर जे वर्गात चालतं ते सांगते.

सगळ्यात आधी कोणाचं काय अडलंय ते बघा, कारण "वाचतो पण कळत नाही" यात दोन वेगळे आजार आहेत आणि औषधं पण वेगळी. एकेका मुलाला बाजूला घेऊन धड्यातला न वाचलेला एक परिच्छेद वाचायला द्या आणि काय कळलं विचारा. मग तेवढाच दुसरा परिच्छेद तुम्ही वाचून दाखवा आणि परत विचारा. ऐकून कळलं पण वाचून नाही, तर भाषा ठीक आहे, अडचण वाचनात आहे, म्हणजे सगळी ताकद अक्षरं जोडण्यात जातेय. आणि ऐकूनसुद्धा कळलं नाही तर कितीही वाचनाचा सराव घ्या, उपयोग नाही, तिथे शब्द आणि माहितीच कमी पडतेय. गॉफ आणि टन्मर या दोघा संशोधकांनी १९८६मध्ये हेच सूत्रासारखं मांडलं होतं की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे हे महत्त्वाचं, बेरीज नाही, एक बाजू शून्य तर सगळंच शून्य.

पहिल्या प्रकारची मुलं चौथीत पण निघतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. असर म्हणजे गावागावांत जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणारी देशभरची पाहणी, तिच्या २०२२च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी ४२.८ टक्केच होती, २०१८ला ५०.५ होती, मध्ये कोरोनाने वाट लावली. या मुलांना अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळीवर बसवा, इयत्तेवर नाही. शाळेत तिसरी ते पाचवीचे शिक्षक तयार असतील तर रोज एक तास मुलं पातळीनुसार वाटून घ्या, शिक्षणात काम करणारी प्रथम ही संस्था हेच वर्षानुवर्षं करतेय. आणि जे अडलेत त्यांचं बहुतेक वेळा जोडाक्षर आणि रफार अडलेलं असतं. र एकच पण प्र, ट्र, र्क, ऱ्य अशा चार तऱ्हेने बसतो, पोरं तिथेच धडपडतात. रोज दहा मिनिटं फक्त तेवढंच घ्या, दुसरं काही नको.

स्पीडचं मात्र वेड लावून घेऊ नका. निपुण भारत हे केंद्र सरकारचं वाचन-गणिताचं अभियान ५ जुलै २०२१ला सुरू झालं, त्यात तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द आणि तेही अर्थ समजून, असं लक्ष्य आहे. प्रत्यक्षात अर्थ राहतो बाजूला आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावून पोरं पळवली जातात. मग स्वल्पविराम नाही पूर्णविराम नाही, एक्सप्रेस गाडी. त्यापेक्षा एकच परिच्छेद दोघादोघांच्या जोडीत तीनदा वाचू द्या, तिसऱ्यांदा बोलल्यासारखा आला पाहिजे, कुठे थांबायचं हे ज्याला कळलं त्याला अर्धा अर्थ कळलेला असतो.

आता तुमचा खरा प्रश्न, दुसऱ्या प्रकारची मुलं, जी सफाईने वाचतात आणि कोरी राहतात.

इथे मोठा भाग धडा उघडायच्या आधीचा आहे. अमेरिकेत १९८८मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांचा एक अभ्यास झाला, मुलांना बेसबॉल मॅचचा उतारा दिला, तर वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं ही वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्यांपेक्षा कितीतरी पुढे निघाली. आपल्याकडे क्रिकेटवर करून बघा, तेच होईल. आमच्याकडे समुद्राचा धडा आला की खाडी, भरती, ओहोटी, मचवा, सगळं डोक्यावरून जातं कारण पोरांनी समुद्र बघितलेलाच नाही. तीच पोरं कांद्याचा विषय निघाला की चाळीत कांदा का सडतो, भाव कधी पडतो हे मलाच शिकवतात. म्हणून नवा धडा असेल तर दहा मिनिटं फक्त गप्पा, मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ, एखादं चित्र, आणि त्या धड्याचा कणा असलेले चार-पाचच शब्द. धड्याखालचे सगळे शब्दार्थ पाठ करून घेणं सोडा. "हिरमुसला" म्हणजे नाराज झाला असं वहीत लिहून काही होत नाही, तो शब्द आठवडाभर वर्गात वापरा, खेळाचा तास बुडाल्यावर कोण हिरमुसलं विचारा, तेव्हा बसतो.

मग वाचताना थांबा. तुम्ही मोठ्याने वाचा आणि डोक्यात काय चाललंय ते पण मोठ्याने बोला. "थांबा, इथे 'त्याने' म्हटलंय, हा 'तो' कोण, गणू की पाटील? मागे जाऊन बघते." हे मुलांनी कधी पाहिलेलंच नसतं, त्यांना वाटतं बाईंना आपोआप कळतं. मराठीत तर कर्ता गाळायची सवय फार, दोन-दोन वाक्यं कोण करतंय याचा पत्ता नसतो, मोठ्यांना चालतं पण पोराचा धागा तिथेच सुटतो. तसंच "तरीही", "मात्र", "नाहीतर", "म्हणून" हे शब्द मुलं गिळून टाकतात. फळ्यावर "पाऊस आला म्हणून..." आणि "पाऊस आला तरीही..." अशी दोन अर्धी वाक्यं लिहा आणि तोंडी पूर्ण करून घ्या. पाच मिनिटांचा खेळ आहे पण मला यासारखा फायदा दुसऱ्या कशाचाच दिसलेला नाही.

प्रश्नांसाठी मी एक साधी भानगड ठेवलीये. बोट ठेवता येणारे प्रश्न आणि बोट न ठेवता येणारे प्रश्न. "रमा घरात शिरली तेव्हा तिची चप्पल चिकचिक वाजत होती. आईने टॉवेल पुढे केला." चप्पल कोणाची वाजत होती, यावर बोट ठेवता येतं. बाहेर काय चाललं होतं, यावर नाही, पाऊस हा शब्द कुठेच नाहीये. सुरुवातीला अर्धा वर्ग म्हणतो बाई हे धड्यात नाही. मग विचारायचं, तुला असं का वाटतं, कुठल्या शब्दावरून? चप्पल, टॉवेल, हे जोडायला लागले की मजा सुरू होते, एखादा म्हणतो विहिरीत पडली असेल, म्हणू द्या, पण पुरावा मागा. नंतर असे प्रश्न मुलांनाच काढायला लावा. बोटाचे प्रश्न ढिगाने येतात, दुसरे काढायला घाम फुटतो, आणि त्या घामातच शिकणं होतं.

उत्तर कुठल्या भाषेत येतं याकडे सुरुवातीला बघू नका. आमच्याकडे घरात अहिराणी. "तो घाबरी गया व्हता" असं पोरगं म्हणालं तर त्याला गोष्ट कळलेली आहे, आधी शाबासकी, मग पुस्तकात हे कसं लिहितात ते सांगा. तिथेच "नीट मराठीत बोल" म्हटलं की तो पुढे वर्षभर तोंड उघडणार नाही, आणि तुम्ही म्हणणार याला आकलन नाही.

गटकामात चार-चार मुलं, एक पुढे काय होईल सांगणार, एक प्रश्न विचारणार, एक अडलेला शब्द सोडवणार, एक दोन वाक्यांत सार सांगणार, आणि प्रत्येक परिच्छेदाला कामं फिरवायची. पॅलिंकसर आणि ब्राऊन या अमेरिकेतल्या संशोधकांच्या १९८४च्या पद्धतीवरून हे घेतलंय आणि ती त्यांनी वापरली होती तुमच्यासारख्याच मुलांवर, वाचता येतं पण कळत नाही अशी सातवीची मुलं होती. पण आधी तुम्ही स्वतः चारही कामं करून दाखवल्याशिवाय गटात सोडू नका, नाहीतर त्याचं पण कर्मकांड होतं, "आता पुढे काय होईल", "चांगलं होईल", संपलं.

आणि रोज पंधरा मिनिटं गोष्ट वाचून दाखवा, चौथीला पण, त्यांच्या वाचनापेक्षा जरा अवघड. यावर नंतर प्रश्न नाहीत, लिहिणं नाही. पुस्तकं नाहीत म्हणू नका, शाळेच्या कपाटात कुलपात असतात, रजिस्टर खराब होईल म्हणून कोणी काढत नाही, ती काढा आणि दोरीवर टांगा, फाटली तर फाटली. बालभारतीच्या किशोर मासिकाचे जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर पातळी लावलेल्या मराठी गोष्टी आहेत, त्या पण फुकट आणि प्रिंट काढता येतात.

केंद्रप्रमुख वह्या बघतात, मग प्रश्नोत्तरं लिहून घ्यायची की नाही, असं तुम्ही शेवटी विचारलंय. घ्या की, नोकरी आहे. फक्त धड्याला दहाऐवजी चार घ्या, दोन बोटाचे दोन बिनबोटाचे, आणि बिनबोटाच्या उत्तरात "कारण" लिहिलंच पाहिजे असा नियम करा. चाळीस मुलांची चाळीस सारखी उत्तरं आली तर समजा फळ्यावरून उतरवलंय. वेगवेगळी आली, शुद्धलेखन गडबडलेलं असलं तरी, तशीच राहू द्या, आणि साहेबांनी विचारलं तर एखाद्या मुलालाच उभं करून सांगायला लावा.